बुडीत गाव, बुडीत खाते

गेल्या जानेवारीत आमच्या जुन्या शेजाऱ्यांची नात सावेडीतल्या माझ्या घरी एका पत्रकाचा मसुदा घेऊन आली. "आजोबा, फक्त शुद्धलेखन बघून द्या," म्हणाली. ती पुण्याला शिकते. तिथल्या मित्रमैत्रिणींनी मिळून ते लिहिले होते आणि नगरच्या महाविद्यालयांत वाटायचे होते. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. तोंडातून मात्र नगरच निघते, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.) विषय असा, की सरकारी बँकांनी कोळसा, तेल आणि वायूच्या नव्या प्रकल्पांना कर्जे देणे थांबवावे. मी सरकारी बँकेत चौतीस वर्षे काढली. राहुरी, नेवासे, अकोले अशा शाखांतून, बहुतेक काळ शेतीकर्जाच्या टेबलावर. बँकेचे नाव या लेखात येणार नाही. निवृत्तिवेतन तिच्याकडूनच येते हे एक कारण. दुसरे पुढे कळेल.

ऱ्हस्वदीर्घ दहा मिनिटांत उरकले. मग एका शब्दाशी अडलो. पत्रकाची मुख्य मागणी होती 'निर्गुंतवणूक'.

"अगं, सरकारने बँका विकून टाकाव्यात असं म्हणायचंय का तुम्हाला?"

ती चमकली. "नाही हो आजोबा, बँकांनी कोळशातून पैसा काढून घ्यावा, असं."

जगभरच्या चळवळीतल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ तोच आहे, हे खरे. पण मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्याला 'निर्गुंतवणूक' १९९१ नंतर एकाच अर्थाने भेटत आली : सार्वजनिक उद्योगांतले भागभांडवल सरकारने विकणे. १९९९ मध्ये केंद्रात त्यासाठी वेगळे खातेही निघाले. आम्ही बँक कर्मचाऱ्यांनी ज्या शब्दाविरुद्ध संप केले, मोर्चे काढले, तोच शब्द या मुलांच्या पत्रकात मागणी म्हणून ठळक टाइपात उभा होता. 'जीवाश्म इंधन' हा दुसरा शब्द. तो चूक नाही, पण तो नववीच्या पुस्तकात राहतो. पाथर्डीच्या बाजारात त्याचा कोळशाशी संबंध आहे हे सांगावे लागेल.

जाताना तिने सहज विचारले, "तुमच्या बँकेने कोळशाला किती कर्ज दिलंय हो?"

मला सांगता आले नाही. चौतीस वर्षे नोकरी करून सांगता आले नाही.

एक शब्द अडला, एक आकडा अडला. त्या निमित्ताने मी माळ्यावरचे कात्रणांचे गठ्ठे खाली काढले, जिल्हा वाचनालयात बसलो, काही अहवाल मिळवले. बँकांच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांविरुद्ध गेल्या पस्तीस वर्षांत आपल्याकडे जे लिहिले गेले, पत्रके, पुस्तिका, लेख, समित्यांचे अहवाल, ते सगळे एक वाङ्मय आहे असे मानून वाचले. चळवळीच्या लेखनाची समीक्षा आपल्याकडे फारशी होत नाही. एक तर त्याची आरती होते, नाही तर टवाळी. मला यातल्या बहुतेक लेखकांविषयी आदर आहे, म्हणूनच त्यांच्या लेखनात जे दिसले नाही ते सांगणे भाग आहे. या वाङ्मयात परदेशी बँक अगदी ठळक आहे, तिच्यावर पानेच्या पाने आहेत. आपली बँक, जिच्यात आपले पासबुक आहे ती, जवळपास कुठेच नाही.

०

सुरुवात मणिबेलीपासून करायला हवी. हे गाव अक्कलकुव्याच्या डोंगरात, नर्मदेच्या काठी. तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबारमध्ये. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या गावांत ते पहिले. तिथे वीज नव्हती, कोळसाही नव्हता, आणि तरीही माझ्या विषयाचा उगम तिथेच आहे, कारण कर्ज देणाऱ्यालाच जाब विचारायचा हा मार्ग महाराष्ट्रात त्या खोऱ्यात पहिल्यांदा एवढ्या ताकदीने वापरला गेला. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. आंदोलनाच्या रेट्यामुळे तिला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. जून १९९२ मध्ये आलेला तो अहवाल बँकेला अडचणीत आणणारा होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज आपण उचलणार नाही असे कळवले. पुढच्या वर्षी जगभरातल्या तीनशेहून अधिक संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये असा जाहीरनामा काढला, त्याला नाव दिले 'मणिबेली जाहीरनामा'. सातपुड्यातल्या एका पाड्याचे नाव वॉशिंग्टनच्या बँकेला उद्देशून लिहिलेल्या कागदाला मिळाले. त्या काळातले मराठी लेख या विजयाने भारलेले आहेत आणि ते योग्यच होते.

पण धरण थांबले नाही. पैसा कुठून आला? १९९३ मध्येच सरदार सरोवर निगमाने डीप डिस्काउंट बाँड बाजारात आणले. आज ३,६०० रुपये भरा, २०१४ मध्ये १,११,००० रुपये घ्या. जाहिराती सगळ्या वर्तमानपत्रांत होत्या. त्याच वर्तमानपत्रांत आतल्या पानावर मणिबेलीच्या बातम्या होत्या. मी दोन्ही पाने वाचत होतो. आणि मी दोन बाँड घेतले, धाकट्या मुलीच्या नावाने. लग्नाला होतील, असा हिशेब. त्या आठवड्यात नगरमध्ये आंदोलनाच्या पाठिंब्याची सभा झाली, तिलाही गेलो होतो, टाळ्याही वाजवल्या. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे मला तेव्हा वाटले नाही. आता कात्रणे चाळताना पाहतो, तर तसे वाटायला लावणारा लेख माझ्या गठ्ठ्यात एकही नाही. जागतिक बँक गेली यावर अग्रलेख आहेत. तिची जागा कोणी घेतली, तर माझ्यासारख्या पगारदारांनी, यावर काही नाही. माझी चूक मी त्या लेखकांवर ढकलत नाही. पण ज्या लेखनाने मला वॉशिंग्टनमधल्या कर्जखात्याचा तपशील शिकवला, त्याने माझ्या कपाटातल्या कागदाविषयी मौन पाळले, हे नोंदवतो.

०

एन्रॉनचे वाङ्मय याहून मोठे आणि अधिक अभ्यासू. गुहागर तालुक्यातला हा दाभोळ वीजप्रकल्प म्हणजे आपल्या विषयाचा खरा महाराष्ट्रीय दाखला : नाफ्था आणि पुढे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालायचा, अमेरिकी कंपनीचा, आणि कर्जावर उभा. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार, ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने केलेली रद्दबातल घोषणा, १९९६ च्या जानेवारीत पुन्हा स्वीकार, मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज, २००१ मध्ये सगळे ठप्प. त्याच डिसेंबरात कंपनीच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. हा इतिहास बहुतेकांना माहीत आहे, त्यात अडकत नाही.

या लढ्याचे लेखन तीन प्रकारचे. पुण्याच्या 'प्रयास' गटाने, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९५ पासून कराराचे आकडे उलगडून दाखवले. कलमे वाचून, तक्ते मांडून सरकारला उत्तर देण्याची ही पद्धत आपल्याकडे नवी होती. अभय मेहता यांचे 'पॉवर प्ले' हे इंग्रजी पुस्तक २००० मध्ये आले. ते आणि 'सिटू' ही संघटना मिळून उच्च न्यायालयात गेले होते, त्यामुळे त्या पुस्तकात कागदपत्रांचा कस आहे. आणि तिसरे, गुहागरच्या दडपशाहीविषयीचे लेखन. वेलदूरच्या कोळीवाड्यावर जून १९९७ मध्ये पोलिसांनी पहाटे घातलेला छापा, बायकांना झालेली मारहाण, हे सगळे 'ह्यूमन राइट्स वॉच'ने जानेवारी १९९९ च्या अहवालात तपशिलाने नोंदवले. त्या अहवालाचे एक वैशिष्ट्य मला आता जाणवले : तो फक्त पोलीस आणि कंपनीवर थांबत नाही, कर्ज आणि विमा देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थांनाही जबाबदार धरतो. म्हणजे धनकोला प्रश्न विचारायची रीत त्या अहवालात होती. आमच्या लेखनाने त्यातला छापा घेतला, धनको सोडून दिला.

एका धनकोला मात्र आम्ही डोक्यावर घेतले. जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पाला पैसा द्यायला नकार दिला होता. एन्रॉनविरोधी एकही पत्रक या नकाराच्या उल्लेखाशिवाय पुरे होत नसे. मीही तो युनियनच्या सभेत सांगितला आहे. तो नकार कशासाठी होता? आयात वायूची वीज महाग पडेल आणि तिच्यामुळे स्वस्त देशी कोळशाची वीज बाजूला सारावी लागेल, असा बँकेचा हिशेब होता. त्यात कोळी नव्हते, खाडी नव्हती, हवा तर नव्हतीच. पर्यावरणाच्या चळवळीने एक असा युक्तिवाद हत्यार म्हणून उचलला, ज्याच्या दुसऱ्या टोकाला चंद्रपूरचा कोळसा होता. 'प्रयास'च्या मांडणीत वीजबचतीचा तिसरा पर्याय सुरुवातीपासून होता, हे न्यायासाठी सांगायला हवे. पण सभेत आणि पत्रकात पोचला तो फक्त दर. एन्रॉन वाईट, कारण महाग. हे वाक्य इतके रुजले की स्वस्त मिळाली असती तर चालली असती का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुढच्या पंधरा वर्षांत विदर्भापासून कोकणापर्यंत कोळशाच्या प्रकल्पांची रांग लागली तेव्हा त्यांच्याविरुद्ध वापरायला दराचा मुद्दा उरला नव्हता.

आणि आपल्या बँका? पहिल्या टप्प्याला आयडीबीआयच्या पुढाकाराने भारतीय संस्थांनी रुपयांत कर्ज दिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अमेरिकेच्या एक्झिम बँकेने दिलेल्या कर्जाची हमीही भारतीय संस्थांनीच घेतली. आयडीबीआय, आयसीआयसीआय, आयएफसीआय, स्टेट बँक, कॅनरा बँक ही नावे. केंद्राची प्रतिहमी सगळ्यांना ठाऊक होती, तिच्यावर लोकसभेत वादळे झाली. बँकांची हमी कात्रणांत एखाद्या वाक्यापुरती येते. शेतीकर्जाच्या टेबलावर मला जामीनदाराचे महत्त्व शिकवले गेले होते : कर्जदार पळाला तरी जामीनदार गावात असतो. इथे कर्जदार ह्यूस्टनचा, धनको वॉशिंग्टनचा आणि जामीनदार मुंबईचा. फेब्रुवारी २००१ मध्ये नेमलेल्या माधव गोडबोले समितीने एप्रिलमध्ये अहवाल दिला. कारभार कुठे कुठे कोसळला हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे सरकारी गद्य आपल्याकडे दुर्मीळ आहे, आणि त्यात कर्जाच्या फेररचनेची शिफारसही आहे. तरी मराठीत गाजली ती राजकीय नावे. २००५ मध्ये परदेशी धनकोंचे देणे चुकवून त्यांना मोकळे केले गेले आणि 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही कंपनी एनटीपीसी, गेल आणि आपल्याच वित्तसंस्थांच्या गळ्यात आली. २०१३ मध्ये गॅस संपला म्हणून ती पुन्हा बंद पडली. नंतर रेल्वेसाठी थोडी वीज तयार होऊ लागली. या दुसऱ्या बुडण्यावर मला एकही पुस्तिका सापडली नाही. खलनायक निघून गेला होता ना!

०

'बुडीत' हा आपल्या भाषेतला शब्द या जागी मला फार बोलका वाटतो. धरणाखाली जाते ते बुडीत गाव, बुडीत क्षेत्र. नाथसागरात नेवासे-शेवगावची अशी गावे गेली. आणि वसूल होत नाही ते बुडीत कर्ज, बुडीत खाते. इंग्रजीत या दोन गोष्टींना जोडणारा शब्द नाही, म्हणून त्या दोन वेगळ्या खात्यांत अभ्यासल्या जातात. पहिल्यावर कार्यकर्ते लिहितात, दुसऱ्यावर अर्थपुरवण्या. आपल्याकडे शब्द तयार होता आणि तरी आपण विभागणी तशीच ठेवली.

ती किती कृत्रिम आहे ते पाहायला मला सिन्नरपलीकडे जावे लागले नाही. संगमनेर सोडून उत्तरेला गेले की सिन्नर. शिर्डीला जाणाऱ्या भाविकांनी त्या बाजूच्या धुरांड्या पाहिल्या असतील. कित्येक वर्षे त्यांतून धूर आला नाही. २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॅट, आधी इंडियाबुल्सचा आणि मग रतनइंडिया नावाने. पाणी नाशिक शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे घ्यायचे ठरले. ते सांडपाणी एरवी गोदावरीतून नांदूरमध्यमेश्वरला येते आणि तिथून निघणाऱ्या कालव्यांवर आमचे कोपरगाव, राहाता आणि श्रीरामपूर जगते. कोळशाच्या रेल्वेमार्गासाठी जमिनी घ्यायच्या तेव्हा वाटेवरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. याच कंपनीच्या अमरावतीजवळच्या तेवढ्याच मोठ्या प्रकल्पाविरुद्ध ऊर्ध्व वर्धेच्या पाण्यावरून मोठे आंदोलन झाले. पाण्यावर, जमिनीवर मराठीत बरेच लिहिले गेले आणि त्यातले काही उत्तम आहे.

आता दुसरे खाते. अमरावतीच्या प्रकल्पाचे सुमारे ६,५७४ कोटींचे कर्ज २०२० च्या सुरुवातीला ४,०५० कोटींत मिटवले गेले. सिन्नरचा प्रकल्प २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, आणि घ्यायला पुढे आल्या त्या सरकारी कंपन्याच, महानिर्मिती आणि एनटीपीसी. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने मार्च २०१८ मध्ये देशातल्या अडचणीतल्या औष्णिक प्रकल्पांची यादी दिली : ३४ प्रकल्प, सुमारे ४० हजार मेगावॅट, पावणेदोन लाख कोटींच्या घरातले कर्ज. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सरकारी बँका सावरण्यासाठी २ लाख ११ हजार कोटींची भांडवली योजना जाहीर झाली होती. सगळी बुडीत कर्जे विजेची नव्हती, हे मी बँकेचा माणूस म्हणून सांगतो. पोलाद होते, रस्ते होते, हिरेवालेही होते. पण या आकड्यांना आणि ऊर्ध्व वर्धेच्या पाण्याला एका लेखात आणणारा मराठी लेखक मला भेटला नाही. ज्या काळात हे घडत होते त्या काळात मी अकोल्यात साठ हजारांच्या पीककर्जासाठी सातबारा, आठ अ, सोसायटीचा बेबाकी दाखला आणि दोन जामीनदार मागत होतो. एका म्हाताऱ्याला बेबाकी दाखल्यासाठी तीन वेळा परत पाठवले, ते आठवते.

विजेची गरज नव्हती का? होती. २००५ च्या आसपास राहुरीत रात्री दोनला मोटर सुरू करायला उठणारे शेतकरी माझेच खातेदार होते. त्यांच्यापुढे हवामानबदलाचे व्याख्यान द्यायची माझी छाती नव्हती, आजही नाही. मुद्दा एवढाच, की त्यांच्या नावाने दिलेल्या त्या कर्जातून सिन्नरच्या धुरांड्या उभ्या राहिल्या आणि मोटर रात्रीच चालत राहिली.

०

गुजरातेत मुंद्र्याच्या किनाऱ्यावर टाटांचा चार हजार मेगावॅटचा कोळसा प्रकल्प आहे. त्यातली ७६० मेगावॅट वीज महाराष्ट्राच्या वाट्याची. तिथल्या मच्छीमारांच्या संघटनेने २०११ मध्ये जागतिक बँक समूहातल्या आयएफसीच्या तक्रार कार्यालयाकडे अर्ज केला, कारण आयएफसीने ४५ कोटी डॉलर दिले होते. पुढे ते अमेरिकेतल्या न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशा आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यांपासून सरसकट संरक्षण नाही. नंतर तो दावा इतर कारणांनी फेटाळला गेला, तरी निकाल उरला. या लढ्यावर मराठीत आलेले दोन-तीन लेख मी वाचले आहेत, चांगले आहेत. मात्र प्रकल्पाला रुपयांत कर्ज देणाऱ्यांत स्टेट बँक आघाडीवर होती. मच्छीमार तिच्याकडे का गेले नाहीत, हे कोणी लिहिलेले नाही. उत्तर साधे आहे : आयएफसीकडे तक्रारीची एक खिडकी तरी होती. आपल्या बँकेत एटीएममधून फाटकी नोट आली तर तक्रार करता येते. तिच्या कर्जाने खाडी गेली तर कोणत्या टेबलावर जायचे ते लिहिलेले नाही.

परदेशी लोकांना आमच्या बँकेचे दार आमच्याआधी सापडले, याचा गंमतशीर दाखला क्रिकेटच्या मैदानावरचा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या अदानींच्या कारमायकेल कोळसाखाणीसाठी स्टेट बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये एक अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाचा सामंजस्य करार केला होता. ते कर्ज काही उभे राहिले नाही. २०१८ मध्ये कंपनीने छोटी खाण स्वतःच्या पैशाने काढू असे जाहीर केले. २०२० मध्ये स्टेट बँकेच्या कर्जाची बातमी पुन्हा आली आणि २७ नोव्हेंबरला सिडनीत भारत-ऑस्ट्रेलिया सामना सुरू असताना दोन निदर्शक फलक घेऊन थेट खेळपट्टीकडे धावले. फलकावर आपल्या बँकेचे नाव होते आणि रक्कम होती. टाळेबंदीनंतरचे दिवस, घराघरांत सामना लागलेला. माझ्या घरीही. "कोण आहेत हे येडे?" असे आमच्याकडे कोणी तरी म्हणाले आणि चहा आला. समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर तो फलक मी वाचलेल्या सगळ्या पत्रकांत उजवा ठरतो. त्यात जीवाश्म नव्हते, निर्गुंतवणूक नव्हती; कोणी, कोणाला, किती, एवढेच होते. त्याच सुमारास फ्रान्सच्या अमुंडी या गुंतवणूक कंपनीने आपल्याकडचे स्टेट बँकेचे हरित रोखे विकण्याचा इशारा दिला. रोखेधारकाने आवाज चढवला की बँकेला ऐकावे लागते. ठेवीदार मात्र खातेपुस्तिका छापून घ्यायच्या रांगेत उभा असतो.

०

या साऱ्यात नगर जिल्हा मी का ओढतो? माझे घर इथे आहे म्हणून, आणि कर्जाचा कागद हा सार्वजनिक प्रश्न आहे ही जाण या जिल्ह्यात जुनी आहे म्हणून. १८७५ मध्ये सुप्यात सुरू झालेले दंगे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत असे आमच्याकडे पसरले. त्या शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या पेटीवर होता. खते, रोखे, हुकूमनामे मागायचे आणि जाळायचे. जाळपोळीचे गोडवे मी गात नाही. पण जमीन कुठे जाते हे कागदावर ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे याच जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विख्यांनी प्रवरेचा कारखाना काढला आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. हेच गाडगीळ १९६९ मध्ये, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वर्षी, त्या अभ्यासगटाचे प्रमुख होते ज्याने बँकांनी क्षेत्र वाटून घ्यावे असे सुचवले आणि अग्रणी बँक योजना आली. जिल्ह्यातून गोळा होणारा पैसा जिल्ह्याच्या कोणत्या गरजेला जातो, हा त्या विचाराचा गाभा. दर वर्षी जिल्हाधिकारी पतआराखडा जाहीर करतात, तो त्याचाच वारसा. मी असे कित्येक आराखडे तयार करण्यात हात घातला आहे. त्यात कर्ज-ठेव प्रमाण असते : शंभर रुपये ठेव असेल तर किती रुपये इथे कर्ज म्हणून दिले. उरलेले कुठे जातात? मुख्य कार्यालयाकडे. तिथून पुढे आराखडा गप्प. गुहागर, सिन्नर, मुंद्रा ही त्या गप्प जागेतली ठिकाणे आहेत. जीवाश्म इंधनाच्या कर्जांविरुद्ध लिहिणारी मुले पॅरिसचा करार सांगतात, तेव्हा मला वाटते की यांना कोणी तरी गाडगीळ वाचायला द्यायला हवे होते.

सहकाराचे सोवळे मात्र मी मिरवणार नाही. वार्षिक सभेत विषय वाचून व्हायच्या आत 'मंजूर, मंजूर' ओरडणारी पुढची रांग कोणी बसवलेली असते ते इथे शेंबडे पोरही सांगेल. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने बरखास्त केले, ते हौसेने नव्हे. तरी त्या सभेत उभे राहून, ओरडा खाऊन का होईना, अमुक कारखान्याला इतके कोटी का दिले असे विचारता येते. मी स्वतः एका पतसंस्थेच्या सभेत विचारले आहे आणि माइक बंद झाल्याचेही अनुभवले आहे. माइक बंद करावा लागला, म्हणजे प्रश्न पोचला होता.

मार्चमध्ये मी माझ्या जुन्या बँकेला माहिती अधिकारात अर्ज दिला : औष्णिक वीज आणि कोळसा खाणींना दिलेल्या कर्जाची एकूण रक्कम, वर्षवार, कंपनीचे नाव नको. उत्तर आले की ही माहिती व्यापारी गोपनीयतेत मोडते. पहिले अपील केले. अपिलाचा निकाल देणारा अधिकारी माझ्या हाताखाली नेवाशात शिकलेला. त्याने फोन करून तब्येतीची चौकशी केली आणि अपील फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात रिझर्व्ह बँकेला गोपनीयतेच्या याच ढालीवरून चांगलेच सुनावले होते. त्याचा दाखला देऊन आता दुसरे अपील केले आहे.

पत्रक मुलांनी एप्रिलमध्ये छापले. 'निर्गुंतवणूक' काढून 'कोळशाला कर्ज देणे थांबवा' असे घातले आणि मथळ्यात माझा 'बुडीत' घेतला, तो मला न विचारता. बँकेच्या नावापुढे रकमेसाठी टिंबे सोडली आहेत. एक प्रत मी शाखेच्या सूचनाफलकाशेजारी ठेवून आलो होतो. दुपारी पेन्शनच्या कामाला पुन्हा गेलो तेव्हा ती तिथे नव्हती. शिपायाने काढली की कोणी वाचायला नेली, ते विचारले नाही.